जुन्या बुलेटला डिस्क आणि नवी चाकं: कोणी केलंय का?

धकधक९६

मंडळी, सल्ला हवाय. गाडी वडिलांची आहे, १९९६ ची बुलेट स्टँडर्ड ३५०. ओतीव लोखंडी इंजिन, चार गिअर, गिअर उजव्या पायाला आणि मागचा ब्रेक डाव्या. मूळचा पुढचा ब्रेक नावापुरताच होता, म्हणून वडिलांनी २००१ मध्ये सात इंची, दोन कॅमचा (आतले दोन्ही शू वेगवेगळे दाबणारा) ड्रम ब्रेक बसवून घेतला. साताऱ्यात तेव्हा ती चैन होती. आठवडाभर लोक नुसता लिव्हर दाबून बघायला येत, असं आई सांगते.

गेल्या रविवारी मी आणि बायको महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरत होतो. मागे दोन्ही बाजूंना बॅगा, वर तिची एक. अंबेनळी घाटात पुढचा लिव्हर हळूहळू मुठीच्या जवळ यायला लागला. केबल ताणली असेल म्हणून दुर्लक्ष केलं. मग वास आला, केस जळल्यासारखा. कुंभरोशीच्या पुढे एका वळणावर समोरच्या ट्रकने ब्रेक मारला आणि मी त्याच्या फाळक्यापासून हातभर अंतरावर थांबलो. पुढच्या ब्रेकचा त्यात काही वाटा नव्हता. मागचा ब्रेक होता आणि बायकोने माझ्या खांद्यात रुतवलेली नखं होती. उतरून ड्रमवर बाटलीतलं पाणी शिंपडलं तर चर्र करून उडालं.

आता ठरलंय. पुढे डिस्क घालायची. करायचंच तर दोन्ही चाकं नवी, एनफिल्डच्याच थंडरबर्ड एक्सची अलॉय (बिनतारांची), ट्यूबलेस. एकाकडे वापरलेली जोडी आहे, शनिवारी पैसे देतोय. अजून काय काय लागेल?

उद्यमनगरी

शनिवारी पैसे देऊ नका.

बाकीचं रात्री लिहितो, आत्ता लेथवर आहे.

गिरगावकर

+१. आणि तापलेल्या ओतीव ड्रमवर पाणी शिंपडू नका हो, तडकायचा.

बर्डीवाला

काहून देऊ नये बे? माह्या गाडीला अलॉय टाकले दोन वर्षं झाले. झकास दिसते. नागपुरात कोणीबी वळून पाहते.

उद्यमनगरी

आलो. भावा, चाक गाडीत बसतंय का एवढंच बघून लोक पैसे मोजतात. चाक शेवटी बसतं. आधी ते ज्यावर बसणार ते बघायला लागतं.

तुझ्या गाडीत ब्रेकची प्लेट एका खाचेने पुढच्या शॉकअपच्या बॉटमला, म्हणजे खालच्या भागाला, अडकलेली आहे. ब्रेक लागला की प्लेट चाकाबरोबर फिरायला बघते, तिला ती खाच धरून ठेवते. डिस्कला असली खाच चालत नाही. तिथं कॅलिपर, म्हणजे डिस्कला दोन्हीकडून आवळणारा चिमटा, बोल्टने घट्ट बसायला बॉटमवरच दोन कान लागतात आणि तुझ्या बॉटमला ते नाहीत. म्हणजे चाकाबरोबर बॉटम आलेच.

थंडरबर्ड एक्सचा शॉकअप ४१ मिमीचा, तुझा त्याहून बारीक. ते चाक त्याच्याच शॉकअपसकट लावायचं म्हटलं तर दोन्ही शॉकअप धरणारा वरचा-खालचा टी बदलायचा. आणि तुझ्या गाडीचा वरचा टी म्हणजे कोण? हेडलाईटचं सबंध डोकं, ते कॅस्केट. शॉकअपच्या नळ्या थेट त्यातच आट्यांनी बसतात. ते गेलं की दोन बारक्या टायगर लाईटी गेल्या, मीटरची जागा गेली, बुलेटचं तोंडच गेलं. वडील जिवंत आहेत ना? त्यांना विचारून कर.

मागचं तर त्याहून अवघड. तुझं मागचं चेनचक्र आणि ब्रेकचा ड्रम ही एकच ओतीव वस्तू आहे, ३८ दात्यांची. एक्सचं मागचं चाक डिस्कवालं, चक्र वेगळं, डिस्क चेनच्या विरुद्ध बाजूला. त्याचा पेडल उजवीकडं लागतो. तुझ्या उजव्या पायाशी गिअर आहे. मग काय करणार, गाडीखालून आडवा रॉड काढून मास्टर (ब्रेकच्या तेलाला दाब देणारा सिलिंडर) दाबणार? केलेले लोक आहेत. माझ्याकडं वेल्डिंगला परत आलेलेही आहेत.

बर्डीवाला

ओके, मी मागचा ड्रमच ठेवला आहे, हे सांगायचं राहूनच गेलं. अन् माही गाडी २०१३ ची आहे. 😀

मायक्रोमीटर

धागाकर्ते, डिस्क लावा, जरूर लावा. पण त्या दिवशी घाटात नेमकं काय झालं ते आधी समजून घ्या, नाहीतर नव्या ब्रेकनेही तोच घाट तसाच उतराल.

तुमची गाडी, दोघं आणि सामान मिळून ३२० किलो धरू. महाबळेश्वर ते पोलादपूर उंचीतला फरक साधारण १३०० मीटर. एवढं वजन एवढं खाली आणायचं म्हणजे सुमारे ४१ लाख ज्यूल कुठेतरी जिरवायचे. तेवढ्या उष्णतेत माठातलं १३ लिटर पाणी उकळीला येईल. यातला काही भाग वारा खातो, काही इंजिन खातं. इंजिनाने किती खायचा हे तुम्ही कुठल्या गिअरमध्ये आहात त्यावर ठरतं. उरलेला सगळा ब्रेकला.

आता प्रश्न: कुठल्या गिअरमध्ये उतरत होतात?

ड्रम तापला की फुगतो आणि लायनरपासून (शूवरच्या घासणाऱ्या थरापासून) लांब जातो, म्हणून लिव्हर मुठीकडे आला. लायनरची पकडही तापून कमी होते. डिस्कमध्ये पहिला त्रास नाही, कारण ती तापून जाड झाली तर पॅडच्या जवळच येते. शिवाय उघड्या हवेत फिरते, त्यामुळे लवकर निवते. पण डिस्क ब्रेक ज्या तेलाच्या दाबावर चालतो ते तेल उकळलं तर लिव्हर असाच मुठीला टेकतो, तोही काही न सांगता.

धकधक९६

तिसऱ्यात होतो. बराच वेळ चौथ्यातसुद्धा. पेट्रोल वाचवत होतो. हसू नका.

गिरगावकर

हसत नाही. आम्ही सगळे कधी ना कधी वाचवलेलं आहे.

रानवारा

मी नाशिकहून. अलॉयबद्दल दोन शब्द, कारण दोन्ही वापरून झालंय.

ट्यूबलेसचं सुख मोठं आहे, नाकारत नाही. खिळा घुसला, चाक न काढता पट्टी घातली, पंपाने हवा भरली, दहा मिनिटांत पुढे. ट्यूबवाल्या चाकात हेच काम म्हणजे ॲक्सल काढा, टायर उपसा, ट्यूब चिमटणार नाही याची काळजी घ्या. पावसात इगतपुरीला हे एकटीने केलंय. तासभर लागला आणि शेवटी ट्यूब चिमटलीच.

पण मनाली–लेह रस्त्यावर सरचूच्या पुढे एका दगडावर आमच्यातल्या एकाच्या अलॉयच्या कडेला तडा गेला. तड्यातून हवा जात राहिली. शेवटी आत ट्यूब घालून लेहपर्यंत चालवली. त्याच दिवशी माझी तारांची रिम वाकली होती. पुढे पांग इथे एका पोराने लाकडी ठोकळ्यावर ठोकून सरळ केली, चार तारा आवळल्या, चाकाचा आऊट (डुगडुग) काढला, चहाचे पैसेसुद्धा घेईना. तुम्ही डांबरी रस्त्यावरच फिरणार असाल तर अलॉय घ्या. स्पिती-लडाख मनात असेल तर तारा.

बाय द वे, टायर किती जुने आहेत? बाजूला लंबगोल चौकटीत चार आकडे असतात, बघून सांगा.

धकधक९६

पुढच्यावर १८११. याचा अर्थ?

रानवारा

२०११ सालचा अठरावा आठवडा.

गिरगावकर

दादा 🙏 त्या टायरला आता शाळेत घालायला हवं होतं.

मायक्रोमीटर

म्हणजे निम्मं उत्तर इथेच मिळालं. लिव्हर दाबल्यावर रस्ता धरतो तो टायर. रबर इतकं कडक झालं असेल तर जबरदस्त डिस्क लावून तुम्ही चाक आणखी लवकर लॉक कराल, बस. तुमच्या गाडीला एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नाही. १२५ सीसीवरच्या नव्या गाड्यांना ते १ एप्रिल २०१९ पासून सक्तीचं झालं, तुमची त्याच्या तेवीस वर्षं आधीची.

माझा सल्ला: आधी नवा टायर घाला आणि आहे तो ड्रम नीट करून घ्या. खर्च थोडा. मग डिस्कचं बघू. ड्रम उघडला की इथे फोटो टाका. आतली काळी धूळ फुंकू नका, हवेच्या पाईपनेही उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्याने पुसा, फडकं टाकून द्या.

धकधक९६

उघडला. फोटो खाली टाकलेत. मला काय दिसलं ते सांगतो.

एका शूचं लायनर आरशासारखं चकचकीत झालंय, त्यात ट्यूबलाईट दिसते. दुसऱ्यावर अजून घासल्याच्या मूळ रेषा तशाच आहेत, म्हणजे तो ड्रमला लागतच नव्हता! आणि एका कडेला ग्रीसचा ओघळ. मागच्या वर्षी एका गॅरेजमध्ये चाकाची बेअरिंग बदलली होती, त्यांनी ग्रीस हाताने थापलेलं दिसतंय.

म्हणजे दोन कॅमचा ब्रेक म्हणून मी वर्षभर एकाच कॅमवर फिरत होतो.

उद्यमनगरी

लई गाड्या अशाच येतात. बाहेरून बघ, दोन्ही कॅमच्या लिव्हरना जोडणारी एक दांडी आहे. तिची लांबी जुळवायची असते. दांडी मोकळी कर, प्रत्येक शू एकेकटा ड्रमला टेकेपर्यंत फिरव, दोन्ही टेकलेल्या अवस्थेत दांडी बसव. हे कुणी करतच नाही, कारण वेळ जातो आणि गिऱ्हाइकाला दिसत नाही.

ग्रीस प्यालेलं लायनर घासून बरं होत नाही. टाकून दे, नवं चिकटवून घे. आणि नवं लायनर बसवल्यावर शू लेथवर धरून ड्रमच्या मापाला उतरवून घ्यायचा, जरासा कमी. नाहीतर नवं लायनर फक्त मधोमध टेकतं आणि पुढचे हजार किलोमीटर ब्रेक नसल्यासारखाच असतो. ड्रम ओव्हल असेल तर तोही लेथवर घे, पण तारा ताणलेल्या चाकासकट. सुटा ड्रम गोल कातला आणि मग तारा ओढल्या तर तो परत वेडावाकडा होतो. एवढं मोठं चाक फिरेल असा लेथ प्रत्येकाकडं नसतो, आधी विचारून जा.

चाक परत घालताना ॲक्सलचा नट जरा ढिला ठेव, ब्रेक घट्ट दाबून धर, तसाच दाबलेला असताना नट आवळ. प्लेट आपोआप मध्यावर येते.

मायक्रोमीटर

यात एक भर. ब्रेक लागतो त्या क्षणी केबल आणि कॅमची लिव्हर यांच्यात काटकोन हवा. लायनर झिजत गेलं की तो कोन उघडत जातो आणि हाताचा जोर वाया जातो. लोक केबलचा नट आवळत राहतात. लिव्हर दात्यांवरून एक घर मागे घेऊन बसवली तर फरक तिथल्या तिथे जाणवतो.

आणि हो, दोन कॅमचा ब्रेक पुढे जाताना दोन्ही शू ओढून घेतो, म्हणून जोरदार. गाडी मागे घसरते तेव्हा तेच दोन्ही शू ढकलले जातात. चढावर सिग्नलला थांबलात तर पुढच्या ब्रेकवर विसंबू नका.

धकधक९६

हां!! पसरणीच्या चढावर ट्रॅफिकमध्ये गाडी मागे का सरकते हे कोडं वडिलांना वीस वर्षं सुटलेलं नाही. आज सांगतो.

धकधक९६

तीन आठवड्यांनी परत आलोय. नवी लायनर, नवा टायर ३.२५-१९, दांडी जुळवली, केबल नवी. रविवारी पुन्हा अंबेनळी उतरलो, तीच बायको (तिनेच हट्ट केला), तेवढंच सामान. दुसऱ्या गिअरमध्ये. पोलादपूरला पोचेपर्यंत लिव्हर होता तिथेच होता. ड्रम गरम होता, पण वास नाही.

तरीही डिस्क लावायचीच आहे. कारण प्रामाणिकपणे सांगतो: मुंबई–गोवा रस्त्यावर समोर रिक्षा आडवी आली तेव्हा गाडी थांबली, पण दोन बोटांनी नाही थांबली. अख्खा पंजा आवळावा लागला. वय वाढतंय, पंजा तोच राहणार नाही. अलॉयचा नाद सोडला. पुढे फक्त तारांचं चाक, डिस्कवालं. कॅस्केट राहिलं पाहिजे.

उद्यमनगरी

आता शहाण्यासारखं बोललास. मग बुलेट इलेक्ट्राचे डिस्कवाले बॉटम बघ, ती गाडी कॅस्केटवाली होती. जुन्या क्लासिकचं १९ इंची पुढचं चाक, २८० मिमीची डिस्क आणि दोन पिस्टनचं कॅलिपरही जमेल. पण सगळं एकाच गाडीचं घे, चाकापासून ॲक्सलपर्यंत. एकाचं कॅलिपर, दुसऱ्याचा हब, तिसऱ्याचं स्पेसर घेतलं की डिस्क कॅलिपरच्या मधोमध येत नाही. मग लोक वॉशर कोंबतात. पैसे द्यायच्या आधी तुझ्या नळीचा बाहेरचा व्यास आणि त्यांच्या बॉटमच्या आतला व्यास व्हर्नियरने मोज. ‘बसतं हो साहेब’ यावर जाऊ नको.

जुन्या डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. तिथंही व्हर्नियर. बोटाने कड चाचप, ओठ आला असेल तर सोडून दे.

बर्डीवाला

२०२१ च्या नव्या क्लासिकचं चाक का नाही घेत? ३०० एमएमची डिस्क आहे, एबीएसची रिंगबी येते.

मायक्रोमीटर

त्या गाडीचा शॉकअप पुन्हा ४१ मिमीचा, म्हणजे कॅस्केटचा प्रश्न परत आला. आणि एबीएसची रिंग म्हणजे नुसती दातेरी चकती. सेन्सर, पंप आणि त्याचा मेंदू नसेल तर ती चाकावर पैंजण घातल्यासारखी.

गिरगावकर

मास्टर सिलिंडरबद्दल माझा मूर्खपणा सांगून ठेवतो, कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

मी माझ्या मॅचिस्मोला (तीही एनफिल्डच) डिस्क लावली तेव्हा मास्टर एका मोठ्या, पुढे दोन डिस्क असलेल्या परदेशी गाडीचा मिळाला. चकाचक, लिव्हरला चार घरांची ॲडजस्टमेंट. वाटलं लॉटरी लागली. बसवला, पाईपातली एअर काढली, लिव्हर दाबला तर दगड! जराही आत जाईना. मी खूश, म्हटलं काय कडक ब्रेक आहे. चर्नी रोडच्या सिग्नलला समजलं की कडक आहे तो लिव्हर, ब्रेक नव्हे. गाडी थांबायलाच तयार नाही. पुढे एक भेळवाला होता, त्याने गाडा ओढून घेतला. आजही तो मला बघून गाडा ओढतो.

मायक्रोमीटर

हा इथे सगळ्यात जास्त चुकणारा भाग, म्हणून आकडे देतो.

तुमचा हात मास्टरच्या छोट्या पिस्टनवर जोर देतो. तो जोर भागिले पिस्टनचं क्षेत्रफळ म्हणजे तेलातला दाब. हाच दाब कॅलिपरच्या मोठ्या पिस्टनवर पडतो. मास्टरचा पिस्टन जितका बारीक तितका त्याच हाताने जास्त दाब, पण लिव्हर जास्त आत जातो. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने बदलतं, त्यामुळे मिलिमीटरभर फरक दिसतो त्याहून मोठा असतो. १४ मिमीचा मास्टर प्रमाण मानला तर १२.७ मिमीच्याचं क्षेत्रफळ त्याच्या ८२ टक्के, म्हणजे त्याच जोरात दाब सुमारे २१ टक्के जास्त. उलट १५.९ मिमीचा घेतलात तर क्षेत्रफळ २९ टक्के वाढतं आणि दाब जवळपास पाऊणपट होतो. गिरगावकरांचा मास्टर दोन कॅलिपरना तेल पुरवण्यासाठी होता. इथे एकच कॅलिपर, म्हणून लिव्हर दगड.

थोडक्यात, ज्या गाडीचं कॅलिपर त्याच गाडीचा मास्टर. हँडलची नळी २२ मिमीचीच असते, त्यामुळे क्लॅम्प बसतो.

राईनकाठ

मी कोलोनजवळ राहतो, मूळचा मिरजेचा. माझ्याकडे १९७९ ची बीएमडब्ल्यू आर १०० आरटी आहे. तिच्यात मास्टर सिलिंडर हँडलवर नाहीच! पेट्रोलच्या टाकीखाली, चॅसिसवर. हँडलच्या लिव्हरला साधी केबल, ती टाकीखाली जाऊन मास्टर दाबते, तिथून पुढे तेल. पडलात तर मास्टर सुरक्षित राहावा हा त्यामागचा विचार. पण केबलचा स्पंजपणा तेलाच्या ब्रेकला लागतो आणि तेलाची पातळी बघायला टाकी उचलावी लागते. १९८१ च्या मॉडेलपासून त्यांनीच मास्टर हँडलवर आणला, कॅलिपरही एटे कंपनीऐवजी ब्रेम्बो कंपनीचे दिले.

मीही हँडलवर आणला. काम दोन दिवसांचं. कागद दोन महिन्यांचे. इथे ब्रेकमध्ये बदल केला की तपासणी करणाऱ्या इंजिनिअरसमोर गाडी उभी करायची, तो चालवून, मोजून बघतो आणि मग गाडीच्या कागदात नोंद होते. दर दोन वर्षांच्या तपासणीत ती नोंद बघतात. मला तपासणाऱ्या गृहस्थांनी पाईपचा एक वळसा हँडल पूर्ण वळवल्यावर ताणला जातो म्हणून परत पाठवलं. तेव्हा राग आला होता. नंतर बघितलं तर खरंच ताणला जात होता.

धागाकर्ते, हे एक जरूर बघा: हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा, शॉकअप पूर्ण दाबा, पूर्ण सोडा. पाईप कुठेही ताणता कामा नये, चाकाला घासता कामा नये.

नियमावली

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. वाहनात फेरबदल. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येणार नाही. १९९६ ची गाडी म्हणजे नोंदणीची १५ वर्षं २०११ मध्ये संपली, नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. ते कधी आहे?

धकधक९६

२०२६.

नियमावली

मग काम सुरू करण्याआधी आरटीओत लेखी विचारा आणि विमा कंपनीलाही कळवा. अपघात झाल्यावर विम्याचा सर्वेअर पहिल्यांदा हेच बघतो.

बर्डीवाला

अन् तोवर ड्रमवर मरायचं काय? सुधारणाच करून राहिला ना माणूस, बिघाड थोडी करून राहिला.

नियमावली

भावना समजतात. कलमात भावनांचा रकाना नाही.

रानवारा

दोघंही थांबा. या विषयावर वेगळा धागा काढा, तिथे भांडा. मी तिथे चिवडा घेऊन येते.

धकधक९६

दोन महिन्यांनी. आरटीओत आणि विमा कंपनीत लेखी अर्ज दिले, पोच घेतली. आता कामाचं.

चाक, डिस्क, कॅलिपर, मास्टर, बॉटम, ॲक्सल, सगळं एकाच गाडीचं, साडेअकरा हजारांत. डिस्कची जाडी मोजली, कोरलेल्या आकड्याच्या वर होती. एक बॉटम आतून ओरबाडलेला निघाला, तो त्यांनी कुरकुरत बदलून दिला. शॉकअपची सीलं आणि तेल नवं. पाईप नवा, पाईप जोडणाऱ्या बॅन्जो बोल्टच्या तांब्याच्या वॉशर नव्या. दुकानदार म्हणाला जुन्याच चालतात. चालत नाहीत, मी एकदा वापरून बघितल्या, रात्रीतून थेंब आला.

एअर काढताना संध्याकाळ गेली. पंप करतोय, निपल सोडतोय, बुडबुडे येतच आहेत. वडील खुर्ची टाकून बसले होते. शेवटी म्हणाले, “लिव्हर दोरीने मुठीला बांध आणि झोप.” सकाळी दोरी सोडली तर लिव्हर टणक! अडकलेले बुडबुडे रात्रीतून आपोआप वर मास्टरपर्यंत आले आणि लिव्हर सोडल्यावर तेलाच्या डबीत निघून गेले. वडिलांनी आयुष्यात तेलाचा ब्रेक वापरलेला नाही, हे त्यांना कुठून माहीत? विचारलं तर म्हणाले, १९८७ मध्ये एका ॲम्बॅसिडरवाल्याला पेडल खाली काठी लावून दाबून ठेवताना बघितलं होतं.

पेट्रोलच्या टाकीवर तेलाचे दोन थेंब पडले. लगेच पुसले, तरी एका ठिकाणी रंग सुरकुतला. दुसऱ्यांदा करणाऱ्यांनी टाकीवर ओलं पोतं टाका.

मायक्रोमीटर

वा. तेल कुठलं घातलंत?

धकधक९६

डॉट ४ ब्रेक ऑइल, नवा सीलबंद डबा.

मायक्रोमीटर

बरोबर. ताजं असताना ते किमान २३० अंशांना उकळतं, पण हवेतलं पाणी पीत राहतं आणि ओलसर झालं की हाच आकडा १५५ पर्यंत घसरतो. कोकणाच्या दमटपणात दोन वर्षांनी बदलाच. उरलेला अर्धा डबा पुढच्या वेळी वापरू नका. आणि नावावर जाऊन डॉट ५ घालू नका, ते सिलिकॉनचं, यात मिसळत नाही.

पॅड बसवून घेतलेत का? मोकळ्या रस्त्यावर पन्नासच्या वेगावरून पंधरा-वीसपर्यंत मध्यम जोराने आणा, पूर्ण थांबू नका, मधे निवू द्या. असं पंधरा-वीस वेळा. पहिल्याच दिवशी पंजा आवळून डिस्क तापवली तर पॅड चकचकीत होतात, तुमच्या जुन्या लायनरसारखे.

धकधक९६

केलं, कास रस्त्यावर. आता खरंच दोन बोटांत थांबते. एक गोष्ट कोणी सांगितली नव्हती: पुढून एवढी दाबली जाते की पहिल्यांदा वाटलं शॉकअप गेले. पंधरा मिनिटं चालवल्यावर हाताला कळलं की आता हळू दाबायचं.

उद्यमनगरी

शॉकअप तोच जुना बारीक, ब्रेक नवा. एका बाजूच्या बॉटमवर सगळा पीळ येतो. महिनाभराने खालच्या टीचे बोल्ट आणि स्टिअरिंगची बेअरिंग तपास. पुढचं चाक उचलून बॉटम धरून हलव, टकटक वाजलं तर आवळ.

गिरगावकर

अभिनंदन! भेळेला या, मी गाडा धरून ठेवतो.

धकधक९६

😀 येतो. एकच राहिलंय. सगळं छान, पण स्पीडोमीटरचा काटा हलतच नाही. केबल तपासली, चौकोनी टोक शाबूत आहे. टायरचा प्रश्न नसावा ना? आधी ३.२५-१९ होता, या चाकावर ९०/९०-१९ आहे.

मायक्रोमीटर

नाही. ९०/९०-१९ उंचीला जुन्यापेक्षा तीन-चार मिलिमीटरच कमी भरतो, अर्धा टक्का. त्याने काटा किंचित चुकेल, मरणार नाही.

उद्यमनगरी

हबच्या बाजूला स्पीडोची डबी आहे. तिच्या आतल्या चकतीला दोन कान असतात, ते हबच्या खाचेत बसायला लागतात. चाक घालताना डबी फिरली असणार आणि तू नट आवळलास. चाक काढून बघ.

धकधक९६

काढलं. एक कान आडवा झालाय, दुसरा तुटून डबीत पडला होता. सोमवारी पुण्याला जायचंच आहे, नाना पेठेत डबी मिळते का बघतो. तोवर वेग बायको मागून सांगेल.